पाइनच्या माळावरची लोकरी डेझी (चॅप्टालिया टोमेंटोसा): ओळख, जागा, आग, बी आणि कुंडी

रानभूल

फेब्रुवारी उजाडला की या मंचावर अमेरिकेतल्या फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना, टेक्सासकडच्या मंडळींचा ठरलेला फोटो येतो. काळपट ओली जमीन, त्यावर चपटा हिरवा पुंजका, मधून एकच उघडा दांडा आणि टोकाला मान खाली घातलेली पांढरट कळी. खाली प्रश्न: "ही डेझी का? की जर्बेरा रानात गेला?" दरवेळी निरनिराळ्या धाग्यांत तेच लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सगळं जमा करू.

हिचं नाव चॅप्टालिया टोमेंटोसा. तिकडे वूली सनबोनेट किंवा पाइनलँड डेझी म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातली, वर्षानुवर्षं त्याच जागी टिकणारी छोटी वनस्पती. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनारपट्टीपासून फ्लोरिडा आणि तिथून मेक्सिकोच्या आखाताच्या कडेकडेने पूर्व टेक्सासपर्यंत मिळते. ही किनारी सपाटीची रहिवासी आहे, अॅपलाचियन डोंगरात शोधू नका.

ओळखायला फूल लागत नाही. एक पान उलटा. वरून गडद हिरवं, जाडसर, गुळगुळीत. खालून नमदा चिकटवल्यासारखी पांढरीशुभ्र लोकर. अंगठ्याने घासली तर थोडी निघते. 'टोमेंटोसा' म्हणजे लवदार, ते याच्यावरूनच. कोवळ्या पानाला वरच्या बाजूलाही जाळीसारखी लव असते, पण पान मोठं होता होता ती झडते. त्यामुळे नेहमी जुनं, बाहेरचं पान बघा.

दांड्यावर एकही पान नाही, फांदी नाही, आणि एका दांड्याला एकच फूल. उंची वीतभर, फार तर दीड वीत. पाकळ्या आतून दुधी आणि बाहेरून जांभळट गुलाबी. कळी मिटलेली असताना हा बाहेरचा रंगच दिसतो, म्हणून नवशिक्याला कळी आणि फूल दोन वेगळ्या झाडांचे वाटतात.

हाउस्टनकर

पान उलटण्याची युक्ती चांगली आहे, पण माझ्या लॉनमध्ये खालून पांढरी पानं असलेले पुंजके पन्नासेक असतील. इतकी स्वस्त असेल का ही?

भिंगवाली

नाही, तो कडवीड. गॅमोकीटा नावाचं लॉनमधलं नेहमीचं तण, तेही याच कुळातलं. खालची लव दोघांनाही असते, त्यामुळे फसायला होतं. फरक सांगते:

कडवीडचं पान पातळ, वरूनही मळकट राखाडीकडे झुकणारं. एप्रिलच्या सुमाराला मधून पानांनी भरलेला दांडा वर येतो आणि त्यावर तपकिरी बारीक बोंडांची कणसासारखी रांग लागते. पाकळीसारखं काही दिसतच नाही. चॅप्टालियाचं पान चामड्यासारखं, चकचकीत, दांडा मात्र नागडा. शिवाय पाणी घातलेल्या, खत दिलेल्या, चुना टाकलेल्या लॉनमध्ये चॅप्टालिया टिकणार नाही. जागा चुकली की ओळखही बहुधा चुकलेलीच असते.

आणखी दोन तोतये. एक, एरिजेरॉन व्हर्नस. ओल्या पाइनमाळावर त्याच दिवसांत फुलतो, पांढरा असतो, पण एका दांड्यावर चार-पाच फुलं, पाकळ्या धाग्यासारख्या बारीक आणि दाट, पानाच्या दोन्ही बाजू हिरव्या. दुसरा म्हणजे फुलाआधीचा डँडेलियन. पान तोडून बघा. दूध निघालं की डँडेलियन. चॅप्टालियाला चीक नाही.

आता फुलाकडे दहापट भिंगातून. कडेला दिसणाऱ्या पाकळ्या म्हणजे एकेक मादी फूल. त्याच्या आत केसासारख्या बारीक मादी फुलांचं दुसरं वलय. अगदी मध्यभागी मोठी फुलं, त्यांची नळी टोकाला दोन ओठांत फाटलेली. हे दोन ओठ महत्त्वाचे. साध्या डेझीच्या मधल्या फुलांना पाच सारखे दात असतात. ओठवाली फुलं म्हणजे म्युटिसी या गटाची खूण, आणि जर्बेराही त्याच गटातला. त्यामुळे 'जर्बेरा का?' असं विचारणाऱ्याची नजर चांगली आहे, त्याला हसू नका. मधली ओठवाली फुलं परागकण देतात, बी धरत नाहीत. बी गोळा करणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अवांतर: चॅप्टालिया हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांच्यावरून. नायट्रोजनला 'नायट्रोजन' हे नाव त्यांनीच १७९० मध्ये दिलं. आणि ही बाई राहते नायट्रोजनचा दुष्काळ असलेल्या वाळूत!

कॅरोलिनातली

जागेबद्दल सांगा ना नीट. पाइनच्या जंगलात दोन-दोन तास फिरूनही काही सापडत नाही, अशी तक्रार इथे सगळ्यांची आहे.

रानभूल

कारण बहुतेक जण सावलीच्या पाइनबागेत फिरतात. ती लागवड असते, जंगल नव्हे. झाडं ओळीत, खाली कंबरभर झुडूप, जमिनीवर वीतभर सुयांचा थर. तिथे काही मिळणार नाही, गाडी वळवा.

हवा असतो लाँगलीफ पाइनचा किंवा स्लॅश पाइनचा विरळ माळ. झाडं लांब लांब, खाली गवत, ऊन थेट जमिनीपर्यंत. लाँगलीफच्या सुया तीनच्या जुडग्यात आणि चांगल्या लांब, ३० सेंटीमीटर सहज. त्याचं पिल्लू काही वर्षं गवताच्या ठोंबासारखंच दिसतं, त्यावर पाय देऊ नका. बुंध्याचा खालचा हात-दोन हात भाग काळा झालेला असला तर उत्तम, म्हणजे तिथे नियमित आग फिरते. बुंध्यावर पांढरा रंगीत पट्टा असेल तर ते लाल झुलप्याच्या सुतार पक्ष्याचं घरट्याचं झाड आहे. तिथे रेंगाळू नका, पण परिसर योग्य आहे हे समजा.

त्यातही उंचसखलपणा बघा. सपाट दिसणाऱ्या माळावर वीत-दोन वीत उंचीच्या फरकाने सगळं बदलतं. सर्वांत वर कोरडी वाळू, तिथे नाही. सर्वांत खाली घटपर्णी उभ्या असतात, पाणी साचतं, तिथे फार नाही. मधली जी कड, जिथे पाय ठेवला की बुटाचा ठसा ओला होतो पण पाणी वर येत नाही, ती या फुलाची. वायरग्रास या तारेसारख्या गवताच्या ठोंबांमधल्या उघड्या वाळूवर नजर ठेवा. पिवळा बटरवर्ट (एक कीटकभक्षी वनस्पती) फुललेला दिसला तर थांबून गुडघे टेका. दोघांचा हंगाम आणि जागा बऱ्याच अंशी एकच. दवबिंदू (ड्रोसेरा) या कीटकभक्षी रोपाचे लाल ठिपके दिसले तर ती आणखी एक खूण.

नावं हवी असतील तर: फ्लोरिडात अपालाचिकोला राष्ट्रीय जंगलाचा सुमात्रा गावाजवळचा भाग, नॉर्थ कॅरोलिनात क्रोएटन आणि ग्रीन स्वॉम्प, मिसिसिपीत सँडहिल क्रेन अभयारण्याचे ओले माळ, टेक्सासात बिग थिकेट. दक्षिणेकडे जानेवारीतच सुरुवात होते, कॅरोलिनात मार्च धरून चला.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी फूल मिटून मान टाकतं. सकाळी सातच्या मऊ प्रकाशात फोटो काढायला गेलात तर फक्त गुलाबी मुटके मिळतील.

पायात उंच बूट घाला आणि पँट मोज्यात खोचा. गोचीड फेब्रुवारीतही असतात आणि लाल मुंग्यांची वारुळं नेमकी त्या किंचित उंच कडेवरच असतात. शिकारीचा हंगाम असेल तर नारिंगी जाकीट हवंच.

जाळरेषा

आगीचा उल्लेख ओझरता झाला, खरं तर सगळं तिथेच आहे.

लाँगलीफचे माळ एकेकाळी सुमारे ९ कोटी एकर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातले पाच टक्केही उरले नव्हते. तोड, शेती, लागवड ही कारणं आहेतच, पण जे तुकडे कुंपण घालून 'वाचवले' त्यातलेही कित्येक आग थांबवल्यामुळे गेले. या माळाला एक ते तीन वर्षांनी एकदा आग लागते. लागते म्हणजे वीज पडून लागायची, माणसं लावायची, आता वनकर्मचारी लावतात. फ्लोरिडात याला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे दरवर्षी २० लाख एकरांच्या आसपास जमीन अशी ठरवून जाळली जाते.

चॅप्टालियाचा कोंब जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली असतो, आखूड खोड आणि मांसल मुळांच्या झुबक्यावर. गवताची आग झपाट्याने पुढे सरकते. पानं जळतात, कोंबाला धग पोचत नाही. मग राख, ऊन आणि उघडी जमीन एकदम मिळते. जळालेल्या काळ्या जमिनीवर सर्वांत आधी जी फुलं दिसतात त्यांत हे असतं.

आग थांबली की काय होतं ते क्रमाने बघा. पहिल्या दोन वर्षांत गवत आडवं पडून साठतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गॉलबेरी आणि सॉ-पाल्मेटो गुडघ्याच्या वर जातात. वरून सुया पडतात त्या या झुडपांत अडकतात आणि खाली चटई होते. चॅप्टालियाचं पान जमिनीला चिकटून असतं, त्याला उंच वाढता येत नाही. चार बोटं सुया अंगावर आल्या की रोझेट, म्हणजे पानांचा चपटा पुंजका, पिवळं पडतं, फूल येत नाही. झाड मरत नाही लगेच, कुढत राहतं. पण बी उघड्या जमिनीवरच रुजतं, त्यामुळे नवी पिढी बंद होते. दहा वर्षांनी आग लावायची म्हटली तर एवढं सरपण साठलेलं असतं की धुमसणारी आग तासन् तास एका जागी राहते आणि कोंबही शिजतो. म्हणून उशिराची एक मोठी आग ही वेळेवरच्या पाच लहान आगींची भरपाई करत नाही.

आग थांबण्यापेक्षाही वाईट म्हणजे लागवडीआधी नांगराने काढलेले उंच सरी-वरंबे. त्याने पाण्याची पातळीच बदलते. अशा जागी पुढे कितीही वेळा जाळलं तरी जुना माळ परत येत नाही.

गडवाट

म्हणजे सह्याद्रीत उन्हाळ्यात लावतात ते वणवेही चांगलेच म्हणायचे की!

जाळरेषा

नाही हो. हा निष्कर्ष इथून उचलून तिथे नेऊ नका. लाँगलीफ माळाची प्रत्येक वनस्पती आगीच्या वेळापत्रकावर बसलेली आहे, पाइनच्या पिल्लापासून गवतापर्यंत. वायरग्रास तर वाढीच्या हंगामात जळाल्याशिवाय धड फुलतही नाही. सह्याद्रीच्या उतारावरचा वणवा दरवर्षी त्याच जागी, कडक उन्हाळ्यात, वाऱ्यावर सोडलेला असतो. गवताचा माळ संपून झाडी सुरू होते त्या काठाला तो खात जातो. आणि ठरवून जाळताना आधी जाळरेषा काढतात, वाऱ्याचा वेग, हवेतली आर्द्रता, सुयांची ओल मोजतात, धूर कुठल्या रस्त्यावर जाईल ते बघतात, परवाना घेतात. काडी टाकून पळून जाणं आणि हे, दोन्हींत ज्वाळा एवढंच साम्य.

चिरपिरूल

हिमालयाकडच्या वाचकांसाठी एक भर. उत्तराखंडात चीडच्या जंगलात, उन्हाच्या उतारांवर याच गटातली एक चुलतबहीण आहे: जुनं नाव जर्बेरा गॉसिपिना, नव्या वर्गीकरणात ओरिओसेरिस. स्थानिक नाव कपासी. पानं खालून अशीच कापसासारखी पांढरी, दांडा उघडा, फूल एकच. पण तिची जागा ओली सपाटी नसून कोरडा उतार, खडकांच्या फटी, वाटेची कड. त्यामुळे खाली कुंडीबद्दल जे येईल ते कपासीला लावू नका, पाण्यात ठेवलीत तर आठवड्यात कुजेल. पिरूल म्हणजे चीडच्या पडलेल्या सुया. त्यांचा जाड थर नसेल अशाच जागी ती दिसते, एवढं मात्र दोघींत सारखं.

कॅरोलिनातली

आता कुंडी. बी कधी घ्यायचं, कसं पेरायचं?

भिंगवाली

फूल मिटल्यावर दांडा लांबतो. मग एका कोरड्या दुपारी बोंड उघडून म्हातारीचा गोळा होतो. त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने अर्धा रिकामा झालेला असतो.

चिमटीत धरून ओढलं की बिया सहज सुटल्या पाहिजेत. जोर लावावा लागला तर कच्च्या. घरी आल्यावर पांढऱ्या कागदावर पसरा आणि मघाचं वाक्य आठवा: मधली फुलं बी धरत नाहीत. गोळ्याच्या मध्यभागच्या काड्या बारीक, फिकट आणि पोकळ. बाहेरच्या वलयातल्या गडद, फुगीर. नखाने हलकं दाबा, भरलेलं बी टणक लागतं, पोकळ चपटं होतं. परागसिंचन कमी झालं असेल तर बाहेरच्यांतही बऱ्याच पोकळ निघतात. 'शंभर बिया टाकल्या, पाच उगवल्या' या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच असतं, मातीत नाही.

बी साठवू नका. पंधरा दिवसांच्या आत पेरा. म्हातारीचे केस काढले नाहीत तरी चालतं, पण काढले तर बी मातीला नीट चिकटतं.

माध्यम: स्फॅग्नम पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) एक भाग, धुतलेली जाड सिलिका वाळू एक भाग. वाळू विकत घेताना समुद्रकिनाऱ्याची, शिंपल्यांचा चुरा असलेली नको. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे, परत करा. पीटच्या पिशवीवर 'खत मिसळलेले' असं लिहिलं असेल तर तीही नको.

बी वर ठेवायचं, बोटाने दाबायचं, झाकायचं नाही. उजेड हवा. भांडं ताटलीतल्या पाण्यात ठेवा, वरून झारी फिरवलीत की बिया एका कोपऱ्यात गोळा होतात. खोलीचं साधं तापमान पुरतं. पहिल्या वर्षी फक्त रोझेट. फुलाची आशा दुसऱ्या हिवाळ्यात धरा.

गादीवाफा

मावळात पॉलिहाऊसमध्ये जर्बेरा घेणाऱ्यांना एक नियम पाठ असतो: रोपाचा कोंब, ज्याला आम्ही क्राउन म्हणतो, मातीच्या वर राहिला पाहिजे, एक-दोन सेंटीमीटर. गाडला की क्राउन रॉट, म्हणजे फायटोफ्थोराने होणारी कोंबाची कुज, खेळ खलास. रोप आधी काळपट, मग ओढलं की हातात. भिंगवालीताई, एकाच गटातलं असल्यामुळे विचारतो, इथेही तोच नियम का?

दुसरं, जर्बेराला पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या वर गेला की नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. आम्ही चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल असं लोह, सोडतो.

भिंगवाली

क्राउनचं अगदी बरोबर, फक्त एक-दोन सेंटीमीटर वर काढण्याची गरज नाही, मातीच्या पातळीला ठेवा. रानात तो तिथेच असतो. कुंडी बदलताना पीट बसतं आणि आजूबाजूची माती कोंबावर येते. पेन्सिलच्या टोकाने ती बाजूला करा.

पिवळेपणाचं निदानही तेच. पण उपाय वेगळा. चिलेट नको, पाणीच बदला. फ्लोरिडाचं नळाचं पाणी चुनखडीच्या थरातून येतं, जड असतं. सहा महिने तेच घातलं की पीटची आम्लता संपते. पावसाचं पाणी किंवा आरओचं घाला, विरघळलेले क्षार मीटरवर ५० पीपीएमच्या खाली. सामू ४.५ ते ५.५ मध्ये राहू द्या. आणि खत म्हणून काहीही नको, शेणखत, तूस, गांडूळखत काही नाही. जर्बेराच्या सवयीने खत दिलंत तर पानं मोठी, लुसलुशीत होतात, लोकर विरळ होते आणि मग गोगलगायी येतात.

हाउस्टनकर

ताटलीत पाणी किती? आणि ऊन?

रानभूल

कुंडी १५ सेंटीमीटर खोल असेल तर ताटलीत एक-दोन सेंटीमीटर पाणी, यापेक्षा जास्त नको. पाणी संपलं की एक दिवस तसंच राहू द्या, मग परत भरा. कायम बुडालेली कुंडी म्हणजे घटपर्णीची जागा. हिला कड हवी, वर लिहिलंच आहे. ऊन किमान सहा तास थेट. अर्ध्या सावलीत पानं उभी राहतात, लांब होतात, दांडा वाकतो. हिवाळ्यात घरात घेऊ नका. तुमच्याकडची थंडी हिला सवयीची आहे, आणि फूलही त्याच दिवसांत येतं.

एक मोह आवरा: कुंडी सुंदर दिसावी म्हणून वरून पाइनच्या सुयांचं आच्छादन. पाइनमाळाचं झाड म्हणून पाइनच्या सुया, तर्क बरोबर वाटतो, परिणाम जाळरेषांनी वर लिहिलेला आहे. जमीन उघडी ठेवा. शेवाळ आलं तर चालेल, पण ते रोझेटवर चढू लागलं की काढा. जानेवारीआधी जुनी, तपकिरी पानं कात्रीने कापून टाका. कुंडीतली आग ती तेवढीच.

कॅरोलिनातली

रानातून एखादं रोप आणलं तर? नर्सरीत मिळतच नाही.

रानभूल

राष्ट्रीय उद्यान किंवा प्रिझर्व्हमध्ये, म्हणजे बिग थिकेटसारख्या ठिकाणी, पान तोडणंही मना आहे. राष्ट्रीय जंगलात बी किंवा रोप घ्यायला परवाना लागतो, तो कार्यालयात आधी विचारा. खासगी जमीन असेल तर मालकाची लेखी परवानगी. आणि नॉर्थ कॅरोलिनात घटपर्णीच्या माळावर हातात खुरपं दिसलं तर वनरक्षक तुमचं फूल कुठलं हे नंतर विचारेल. विल्मिंग्टनच्या आसपास व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटकभक्षी वनस्पती चोरणं २०१४ च्या डिसेंबरपासून गंभीर गुन्हा आहे.

शिवाय खणून आणलेलं जगतही नाही फारसं. मुळं मांसल आणि वाळूत सैल, खुरपं लावलं की माती गळते आणि मुळं तुटतात. नर्सरी शोधताना 'डेझी' मागू नका. स्थानिक वनस्पतींच्या नर्सरीला जानेवारीत फोन करून शास्त्रीय नावाने विचारा, आणि रोप रानातून उचललेलं आहे की बियांपासून केलेलं, हेही विचारा. उत्तर द्यायला अडखळले तर घेऊ नका.

गादीवाफा

शेवटचा प्रश्न. दांडा वाकडाच येतोय असं एकाने कळवलंय, कुंडी खिडकीत आहे.

भिंगवाली

फूल उजेडाकडे वळतंय. कुंडी फिरवू नका, दर फिरवण्याला दांडा नवं वळण घेतो आणि नागमोडी होतो. बाहेर ठेवा.